चालू हॉस्पिटलवर मजला चढवायचाय: कुणी केलंय का?

वारणाकाठची_डॉक्टर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

सांगलीत विश्रामबाग भागात आमचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. मी स्त्रीरोग बघते, नवरा सर्जन. तळमजल्यावर ओपीडी आणि सोनोग्राफी, पहिल्यावर वॉर्ड, दुसऱ्यावर ओ.टी. (ऑपरेशन थिएटर), लेबर रूम आणि बाळांचे वॉर्मर. आता तिसरा मजला घ्यायचाय, ओ.टी. वर हलवायची आणि मागच्या बाजूला स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट बसवायची. सध्या सिझर झालेल्या बाईला मावशी आणि वॉर्डबॉय मिळून जिन्यानं चादरीत खाली आणतात. हे किती दिवस चालवायचं?

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "मॅडम, हिरवी जाळी लावतो, आतून ताडपत्री सोडतो. तुमचं काम चालू द्या, आमचं चालू." नवऱ्याला हे पटलंय. मला पटत नाही, पण नेमकं काय विचारायचं तेही कळत नाही. कुणी चालू हॉस्पिटलात असं काम केलंय का? डॉक्टर, इंजिनिअर, नर्स, पेशंटचे नातेवाईक, कुणाचाही अनुभव चालेल.

भडंगवाला

पयला नंबर! बिलात "धूळ चार्जेस" वेगळे लावणार का आत्तापासूनच सांगा. ह.घ्या.

ओळंबा

डॉक्टर, धुळीच्या आधी पायाचं बोला. इमारत बांधली तेव्हा किती मजल्यांचं डिझाईन होतं? गच्चीवर कॉलमच्या सळया सोडलेल्या दिसतात म्हणजे पाया तीन मजल्यांचा आहे, असं समजू नका. सळया सोडायला पैसे लागत नाहीत, पाया खोल घ्यायला लागतात. जुनी आर.सी.सी. ड्रॉइंग शोधा. नसतील तर एका दोन कॉलमशेजारी खड्डा घेऊन पाया उघडा करून बघावा लागेल. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यावर अंदाजपंचे मजला चढवत नाहीत.

दुसरं, भूकंपाच्या कोडात, म्हणजे आय.एस. १८९३ मध्ये, रुग्णालयाला महत्त्व-गुणांक १.५ धरतात, म्हणजे भूकंपाचा जोर दीडपट धरून गणित करायचं. साधा बंगला १.० मध्ये बसतो. बंगल्याचं हॉस्पिटल केलेल्या इमारती आपल्या भागात पोत्यानं आहेत, त्यांचं गणित मुळात बंगल्याचंच असतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आमच्या आजोबांच्या पिढीनं अनुभवलाय, त्यामुळे हा विषय पुस्तकी नाही.

आणि तिसरं, जे कॉन्ट्रॅक्टर सांगणार नाही. नवीन मजल्याचं काम सुरू करायला तो गच्चीवरचा वीटकोबा फोडणार. त्या दिवसापासून तुमच्या ओ.टी.वर वॉटरप्रूफिंग नाही. मग पहिल्या वळवाला पाणी कुठं येईल? आणि पाऊस नसला तरी वरचा स्लॅब ओतला की सिमेंटची आळी करून त्यात पाणी साठवून क्युरिंग करतात. तेच पाणी कॉलमच्या कडेनं खाली झिरपून ओ.टी.च्या पीओपीवर उतरतं. फोडकाम दिवाळीनंतर, आणि मे संपायच्या आत वर पक्कं छप्पर. हे जमत नसेल तर पुढच्या वर्षी करा.

पेट्रीडिश

ओळंबांशी सहमत. आता धुळीचं. मी मिरजेत मायक्रोबायॉलॉजी करते.

जुन्या भिंती, फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी, ओल आलेलं प्लास्टर, या सगळ्यात ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. आकार २ ते ३ मायक्रॉन. तुम्ही ज्याला धूळ म्हणता ती तासाभरात खाली बसते, पुसून घेता येते. हे बीजाणू बसत नाहीत, हवेत तरंगत राहतात, जिन्यानं, डक्टनं, लिफ्टच्या पोकळीतून दुसऱ्या मजल्यावर जातात. धडधाकट माणसाला काही होत नाही. केमो चालू असलेला, अवयव प्रत्यारोपण झालेला, भरपूर स्टेरॉइड घेतलेला, अशा पेशंटच्या फुफ्फुसात मात्र जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

त्यामुळे बाहेरच्या देशांत काम सुरू व्हायच्या आधी एक तक्ता भरतात. एका बाजूला कामाचा प्रकार, एका बाजूला जवळच्या पेशंटची जोखीम. सीलिंगची एखादी फरशी उचलून आत डोकावणं हा सगळ्यात हलका प्रकार, भिंत पाडणं हा सगळ्यात जड. दोन्ही बाजू जुळवून ठरतं की नुसतं ओलं फडकं पुरे, की छतापर्यंत बंद भिंत आणि ऋण दाब लागेल, म्हणजे हवा कामाच्या खोलीत ओढली जाईल, तिथली बाहेर येणार नाही. आपल्याकडे सरसकट ताडपत्री. आणि "रात्री फ्युमिगेशन करतो मॅडम". अहो, सकाळी ब्रेकर सुरू झाला की फ्युमिगेशन गेलं कृष्णेत!

वारणाकाठची_डॉक्टर

पेट्रीडिश, धन्यवाद. पण आमच्याकडे केमोचे पेशंट नसतात. मग आम्ही त्या तक्त्यात खालच्या रांगेत का?

पेट्रीडिश

अजिबात नाही. वॉर्मरवरचं कमी वजनाचं बाळ, उघडं पोट असलेली ओ.टी., साखर वाढलेली सिझरची बाई. तुम्ही वरच्या दोन रांगांत. तुमची ओ.टी. स्प्लिट एसीवर असेल तर आणखी वाईट. तो एसी खोलीतलीच हवा फिरवतो, आलेली धूळ बाहेर टाकत नाही.

ऋण दाब म्हणजे फार मोठी यंत्रणा नाही हो. कामाच्या खोलीला प्लायची भिंत स्लॅबपर्यंत न्यायची, नुसती फॉल्स सीलिंगपर्यंत नाही. वरची फट फोमनं बुजवायची. आतल्या खिडकीत दणकट एक्झॉस्ट, जमलं तर हेपा फिल्टरचं भाड्याचं यंत्र. हेपा ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. मग रोज सकाळी दाराच्या फटीशी उदबत्ती धरायची. धूर कामाच्या खोलीकडे ओढला गेला तर ठीक. तुमच्या तोंडावर आला तर काम बंद. एक्झॉस्टचं तोंड ओपीडीच्या खिडकीवर काढू नका, हे सांगायला लागू नये पण सांगते.

तंबोरा_मिरज

उदबत्तीची आयडिया झकास. वाचनखूण साठवली. आमच्या तंबोऱ्याच्या कारखान्यात पण लावून बघतो, भोपळा घासल्यावर पॉलिशच्या खोलीत कुठनं धूळ येते तेच कळत नाही.

स्पष्टवक्ता

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तीन महिने कुलूप लावा. पेशंटच्या जिवापेक्षा गल्ला महत्त्वाचा आहे म्हणून चालू ठेवायचं, दुसरं काय?

वारणाकाठची_डॉक्टर

स्पष्टवक्ता, गल्ल्याचा विचार आहेच, नाही कशाला म्हणू. कर्जाचे हप्ते आणि स्टाफचा पगार कुलपानं थांबत नाहीत. पण नाव नोंदवलेल्या बायका आहेत, आठव्या नवव्या महिन्यातल्या. रात्री दोनला कळा सुरू झाल्यावर दाराला कुलूप दिसलं तर तिनं कुठं जायचं? बंद ठेवणं सुरक्षित असं वरवर वाटतं. त्यातला धोका फक्त दुसऱ्याच्या दारात जातो.

स्पष्टवक्ता

मग ऑपरेशनं तरी बंद करा.

ओळंबा

हे मात्र बरोबर आहे, स्पष्टवक्त्याला शंभर पैकी चाळीस. सगळं बंद आणि सगळं चालू यांच्यामध्ये बरंच काही आहे.

सिस्टर_इनचार्ज

मी बोलते आता. वीस वर्षांच्या वर वॉर्डात काढलीत, त्यात दोन हॉस्पिटलांची बांधकामं बघितली. नावं घेत नाही.

कागदावर सगळं छान असतंय. दाराशी चिकट मॅट, ओलं पोतं, "बांधकाम कर्मचाऱ्यांनी या जिन्याचा वापर करू नये" असा बोर्ड. पहिले चार दिवस पाळतात. पाचव्या दिवशी सेंट्रिंगवाल्याला घाई असती, मागच्या जिन्यानं घमेली न्यायचा कंटाळा येतो, आणि तो पेशंटच्या लिफ्टमधनं राडारोडा उतरवतो. उघडी पोती, वरनं लाल माती सांडतीय, आणि त्याच लिफ्टमधनं दहा मिनिटांनी जेवणाची ट्रॉली. मी अडवलं तर म्हणाला, "साहेबांना विचारा." साहेब ओ.टी.त. मुकादम फोन उचलत नाही. तोवर अजून चार फेऱ्या झाल्या.

म्हणून डॉक्टर, मॅटबिट राहू दे. एकच गोष्ट करारात लिहून घ्या. ड्यूटीवरची सिस्टर "थांबा" म्हणाली की काम थांबायचं. कारण नंतर विचारायचं. आणि थांबल्यामुळं मजुरांची हजेरी कापायची नाही, ती तुम्ही भरायची. नाहीतर मुकादम आमच्याशी भांडतोय, मजूर आमच्याकडं वाकडं बघतोय, आणि पुढच्या वेळी नवीन पोरगी घाबरून बोलतच नाही.

राडारोडा पोत्यात तोंड बांधून, वरनं पाणी मारून, बाहेरच्या बाजूनं शूटमधनं, म्हणजे घसरगुंडीसारख्या नळीतनं, खाली. वॉर्डातनं एक घमेलं जाता कामा नये.

पेट्रीडिश

+१००. मी एवढं टंकलं त्यापेक्षा हा प्रतिसाद मोलाचा.

भडंगवाला

सिस्टरना महापालिकेच्या रस्त्यांच्या कामावर पण नेमा.

पेशंटचा_भाऊ

नातेवाईक म्हणून लिहितो. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात वहिनीचं ऑपरेशन होतं, वरच्या मजल्यावर काम चालू. आवाजाचं राहू द्या. मेन दार बंद करून बाजूच्या बोळातून वाट काढली होती. बोर्ड मराठी आणि इंग्रजीत. आता मिरजेत पेशंट कुठून येतात? निम्मे अथणी, चिक्कोडी, रायबाग, विजापूर. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातली माणसं रेल्वेनं मिरजेला येतायत. एक म्हातारा दम लागलेल्या बायकोला घेऊन बंद दाराशी उभा होता. मी कन्नड मोडकंतोडकं बोलतो म्हणून त्याला कॅज्युअल्टीत नेलं.

डॉक्टर, बोर्ड कन्नडमध्ये पण लावा. आणि रात्री त्या वाटेवर दिवा.

ओळंबा

छान मुद्दा. मजूरसुद्धा बरेचसे तिकडचेच असतात. सूचना मराठीत देऊन "समजलं का" विचारलं की सगळे मान हलवतात.

जंबो_सिलिंडर

मेडिकल गॅस लाईनचं काम करतो. एकही प्रतिसाद ऑक्सिजनवर नाही म्हणून लिहितोय.

ओ.टी. वर हलवणार म्हणजे ऑक्सिजन, व्हॅक्यूम, हवा, तिन्ही लाईन वाढवणार. जोड मारताना खालच्या मजल्याचा पुरवठा बंद करावा लागतो. तुमच्याकडे मजल्यागणिक झोन व्हॉल्व्ह आहेत का? लहान हॉस्पिटलात बहुधा मॅनिफोल्डपाशी, म्हणजे सगळे सिलिंडर जोडलेले असतात तिथं, एकच व्हॉल्व्ह असतो. तो बंद केला की सगळी इमारत बंद. आधी झोन व्हॉल्व्ह बसवा, मग विस्तार. बंदच्या वेळी प्रत्येक ऑक्सिजनवरच्या पेशंटशेजारी रेग्युलेटर लावलेला भरलेला सिलिंडर पाहिजे, कोपऱ्यात सीलबंद उभा केलेला उपयोगाचा नाही. आणि हे सिस्टरला आदल्या दिवशी लेखी कळवायचं.

आता महत्त्वाचं. तांब्याचे पाईप ब्रेझिंग करताना, म्हणजे तापवून जोड मारताना, आतून नायट्रोजन सोडतात, नाहीतर आत काळी खपली धरते. काम झाल्यावर त्या नव्या लाईनमध्ये काय भरलेलं असतं? नायट्रोजन. गेज ४ बारच दाखवणार, आउटलेटला फुस्स आवाज येणार, सगळं बरोबर वाटणार. पेशंट लावला तर काही मिनिटांत खेळ खलास. तसंच लाईनींची अदलाबदल. आउटलेटची तोंडं वेगवेगळी असतात, ऑक्सिजनचा प्रोब व्हॅक्यूमला बसत नाही, पण भिंतीच्या आत पाईपच चुकीचा जोडला असेल तर तोंड काय करणार? म्हणून प्रत्येक आउटलेटला ऑक्सिजन ॲनालायझर लावून आकडा बघायचा, तुमच्या भूलतज्ज्ञासमोर, आणि दोघांच्या सह्या. "काल तपासलं होतं" चालत नाही.

वारणाकाठची_डॉक्टर

बापरे. झोन व्हॉल्व्ह नाहीत आमच्याकडे. आत्ताच जाऊन बघितलं.

बंबवाला_निवृत्त

भंडारा, ९ जानेवारी २०२१, दहा नवजात बाळं. अहमदनगर, ६ नोव्हेंबर २०२१, अतिदक्षता विभाग. या आगी बांधकामामुळे नव्हत्या, पण धूर आणि सुटका हे प्रश्न तेच. कोलकात्यात डिसेंबर २०११ मध्ये तळघरातल्या सामानाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवर धूर गेला. ९० च्या आसपास माणसं गेली, बहुतेक गुदमरून. तुमचं पार्किंग आता प्लाय, थिनर, रंगाचे डबे ठेवायला वापरलं जाणार, लिहून देतो. तिथं एक डबा ठेवू देऊ नका.

बांधकामात हमखास होणारी गोष्ट सांगतो. धुळीनं स्मोक डिटेक्टर सारखा वाजतो म्हणून मजूर त्याला प्लास्टिकची पिशवी बांधतात. काम संपतं, रंग होतो, उद्घाटन होतं, पिशवी तशीच. किती पिशव्या बांधल्या, किती सोडल्या, रोज संध्याकाळी मोजून सही. वेल्डिंग, कटिंग, ब्रेझिंगला रोजचा वेगळा परवाना, शेजारी बादली आणि अग्निशामक घेऊन एक माणूस, काम संपल्यावरही तासभर तिथंच. ठिणगी लगेच पेटत नाही, सेंट्रिंगच्या भुशात धुमसत राहते. जिन्यात वाळू ठेवायची नाही. तुमचं अग्निसुरक्षेचं फॉर्म बी जानेवारी आणि जुलैला निघत असेल, पण त्याच्या भरवशावर राहू नका, तो काम सुरू व्हायच्या आधीच्या इमारतीचा दाखला आहे. बाळांना उचलून बाहेर न्यायची तालीम रात्रपाळीच्या स्टाफकडून करून घ्या, दिवसाच्या नको.

गावभागकर

जनरेटर आणि मेन पॅनेल कुठं आहे? एवढं सगळं बदलताय तर तेही वर न्या.

वारणाकाठची_डॉक्टर

मागच्या अंगणात, जमिनीवर. पण विश्रामबागेत पूर येत नाही हो.

गावभागकर

२००५ ला आम्ही पण म्हणत होतो की यापेक्षा जास्त येणार नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फूट झालं. धोक्याची पातळी ४५. नदी तुमच्याकडे येईल असं म्हणत नाही, पण गटारं आणि नाले तुंबले की अंगणात दोन फूट पाणी यायला नदी लागत नाही.

तंबोरा_मिरज

२००५ ला हरिपूरची हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) गेली तेव्हापासून...

भडंगवाला

झालं, आता हा धागा पुरावर गेला. अलमट्टी धरणापर्यंत पोचायच्या आत परत आणा कुणीतरी.

स्पष्टवक्ता

अलमट्टीचा मुद्दा पण महत्त्वाचाच आहे.

सिस्टर_इनचार्ज

नको!!

वारणाकाठची_डॉक्टर

सगळे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. आधी चिडला, मग जंबो_सिलिंडरांचा वाचल्यावर गप्प झाला. सध्या असं ठरतंय:

स्ट्रक्चरल ऑडिट आधी, पाया उघडून. त्यात नापास झालं तर मजल्याचा विषयच संपला, फक्त लिफ्ट. पास झालं तर दिवाळीपर्यंत झोन व्हॉल्व्ह आणि पॅनेल वर नेण्याचं काम. मग गच्चीचं फोडकाम, तेवढ्या काळात ठरवून करायच्या शस्त्रक्रिया एका मित्राच्या ओ.टी.त. त्याच्याशी बोलणं झालंय. प्रसूती चालू, पण लेबर रूम आणि वॉर्मर तात्पुरते पहिल्या मजल्यावर, म्हणजे फोडकामाच्या आणि बाळांच्या मध्ये एक मजला रिकामा. सिझरसाठी पहिल्यावर छोटी ओ.टी. उभी करावी लागेल, तो खर्च आहे. वॉर्डाच्या सहा खाटा कमी होतील. कॉन्ट्रॅक्टरला सिस्टरचं कलम सांगितलं तर म्हणाला, "असं कुठं असतंय होय?" दुसरा बघतेय.

प्रश्न उरलाय ब्रेकरचा. दिवसा फोडलं तर पेशंटना त्रास, रात्री फोडलं तर बाळं झोपत नाहीत आणि शेजारी तक्रार करतात.

ओळंबा

दिवसाच करा, आणि ब्रेकर जिथं टाळता येईल तिथं टाळा. लिफ्टच्या पोकळीसाठी स्लॅबला डायमंड कटर लावून तुकडे कापून खाली उतरवता येतात. महाग आहे, पण हादरे नाहीत, आवाज कमी, आणि पाण्यावर चालतं म्हणून धूळ जवळजवळ नाही. त्या पाण्याचा चिखल मात्र खाली गळणार, तो झेलायची सोय आधी. कोबा ब्रेकरशिवाय निघणार नाही. तो सकाळी ११ ते १ आणि दुपारी ४ ते ६, मधल्या वेळेत वॉर्ड राउंड आणि पेशंटची झोप. रोजचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी सिस्टरकडे.

मोतीबिंदू_मिरज

उशिरा आलो. कंपन फक्त तुमच्या इमारतीत राहत नाही. मी डोळ्यांचा सर्जन, आमच्या शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी ब्रेकर सुरू केला आणि मायक्रोस्कोपखाली सगळं चित्र थरथरायला लागलं, पेशंटचा डोळा उघडा. माणूस पाठवून थांबवावं लागलं. आसपास डोळ्यांचा, दातांचा, एमआरआयचा कुणी असेल तर त्याला आधी जाऊन भेटा आणि त्याचे ऑपरेशनचे वार विचारा.

वारणाकाठची_डॉक्टर

मागच्या गल्लीत आहे एक नेत्ररुग्णालय. उद्याच जाते.

पेशंटचा_भाऊ, बोर्डाचा कन्नड मजकूर द्याल का? "बांधकाम चालू आहे, तातडीच्या रुग्णांनी डावीकडच्या दारानं यावं" एवढंच.

पेशंटचा_भाऊ

माझं कन्नड बोलण्यापुरतंच, लिहिता येत नाही. अथणीच्या मेव्हण्याला विचारून व्यनि (खाजगी निरोप) करतो. बाण मोठा काढा, ज्यांना कुठलंच वाचता येत नाही त्यांच्यासाठी.

भडंगवाला

बोर्डाच्या खाली "दारी भडंग मिळेल" एवढं माझं पण टाका. त्यासाठी कन्नड लागत नाही.